बोंजूर आधी कुणी म्हणायचं?

एका वाचक मुलीचं पत्र आलं आहे. ती २४ वर्षांची, कोल्हापूर जिल्ह्यातली. पुण्यात फ्रेंचमध्ये एम. ए. करून १ ऑक्टोबरला फ्रान्समध्ये इंग्रजीची भाषा सहायक म्हणून रुजू झाली. मध्य फ्रान्समधलं लहान गाव आणि तिथलं लिसे, म्हणजे १५ ते १८ वर्षांच्या मुलांची शाळा. आठवड्याला १२ तास काम, ३० एप्रिलपर्यंत नेमणूक, राहायला शाळेच्याच वसतिगृहात स्वस्तातली खोली. ती लिहिते : "शिक्षकांच्या खोलीत माझ्याशी कुणी बोलत नाही. सात आठवड्यांत एकानेही घरी बोलावलं नाही. पहिल्याच तासाला माझे उच्चार ऐकून मागच्या बाकावरची मुलं हसली. भारतावर स्लाइड बनवून आणल्या होत्या, त्या तीन तासांत संपल्या. शुक्रवारी संध्याकाळी वसतिगृह रिकामं होतं, मग सोमवारपर्यंत मी आणि खिडकी. रोज रात्री दोन तास आईशी बोलते आणि फोन ठेवला की रडते. पहिला पगार उशिरा झाला, व्हिसाचं ऑनलाइन कामही राहिलंय. माझं फ्रेंच कच्चं, इंग्रजी भारतीय, स्वभाव भिडस्त. नाताळला घरी जावं आणि परत येऊच नये असं वाटतं. पण लोक काय म्हणतील?"

प्रिय मैत्रिणी,

तू सगळ्या अडचणींचं एकच गाठोडं बांधलंयस आणि त्यावर 'मीच कमी पडते' अशी चिठ्ठी लावली आहेस. ते सोडून पाहिलं तर आत वेगवेगळ्या गोष्टी निघतात : शिक्षकांची खोली, वर्ग, राहायची जागा, फोन आणि कागदपत्रं. यातल्या बहुतेकांचा तुझ्या स्वभावाशी फारसा संबंध नाही. एक मात्र आज रात्रीच करायला हवी, म्हणून आधी ती.

व्हिसा. तुझा दीर्घ मुदतीचा व्हिसा फ्रान्समध्ये उतरल्यापासून तीन महिन्यांच्या आत सरकारी संकेतस्थळावर प्रमाणित करावा लागतो. तू सप्टेंबरच्या शेवटी पोचली असशील तर ही मुदत ऐन नाताळात संपते. ती चुकली तर तुझं राहणं बेकायदा ठरतं आणि घरी जाऊन परत येताना सीमेवर अडचण होते. राहायचं ठरव किंवा जायचं ठरव, हे काम दोन्हीकडे लागणारच आहे. व्हिसाचा क्रमांक, प्रवेशाची तारीख, फ्रान्समधला पत्ता आणि ईमेल एवढं हाताशी ठेव. शेवटी मिळणारं प्रमाणपत्र पीडीएफमध्ये जपून ठेव आणि प्रवासात छापील प्रत जवळ बाळग. त्याआधी विमानाचं तिकीट काढू नकोस.

पगाराचंही सांगून टाकते, कारण हे दरवर्षी नव्या सहायकांच्या वाट्याला येतं. रुजू झाल्याच्या दिवशी मुख्याध्यापक एका रुजू-पत्रावर सही करतात, त्याला प्रोसे-वेर्बाल दँस्तालास्यों म्हणतात. ते, बँकेचं रिब (खात्याच्या तपशिलाचा कागद) आणि पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती अकादमीच्या, म्हणजे शिक्षण खात्याच्या विभागीय कार्यालयात पोचल्याशिवाय पगाराची फाइल उघडत नाही. एक कागद मागे राहिला की महिना हुकतो. म्हणून पुढच्या वर्षी जाणाऱ्यांनी पहिल्या दोन महिन्यांच्या खर्चाचे पैसे बरोबर न्यावेत, आणि पहिल्याच दिवशी शाळेच्या कचेरीत ते पत्र तयार आहे का हे स्वतः विचारावं. तुझा पगार आता सुरू झाला आहे. तो सुट्ट्यांच्या महिन्यांतही तेवढाच येतो, कापला जात नाही.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या पत्रात एक शब्द मला अडला : 'बोलावलं नाही'. आपल्याकडे नवं बिऱ्हाड आलं की शेजारच्या काकूच दार वाजवतात. पाणी किती वाजता येतं, दूध कुणाकडून घ्यायचं, सगळं न विचारता सांगतात. नव्या माणसाची विचारपूस गावाने करायची, ही आपली रीत. तू त्या रीतीने सात आठवडे वाट पाहिलीस. फ्रान्समध्ये हा भार आत येणाऱ्यावर असतो. बेकरीत, दवाखान्यात, बसमध्ये चढताना, शिक्षकांच्या खोलीत, जो दारातून आत येतो तो आधी बोंजूर, म्हणजे नमस्कार, म्हणतो. न विचारता चौकशी करणं तिथे भोचकपणाचं समजतात. त्यामुळे तुला एकटं सोडणारे बरेचजण त्यांच्या मते तुझा मान राखत असतात. तुला ते तोडल्यासारखं वाटतं, त्यांना ते सभ्यपणाचं वाटतं, आणि दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असतात.

दुसरं, लिसेतली ती खोली आपल्या स्टाफरूमसारखी नसते. तिथल्या बहुतेक शिक्षकांना आठवड्याला १५ किंवा १८ तास शिकवायचं असतं. ते तासापुरते येतात आणि तास संपला की घरी जाऊन वह्या तपासतात. मधल्या सुट्टीत झेरॉक्स यंत्रापुढे रांग असते. त्या दहा मिनिटांत ते एकमेकांशीही धड बोलत नाहीत. तिथे मैत्री होईल अशी अपेक्षा ठेवली की रोज थोडं खट्टू व्हायला होतं. मैत्रीची जागा म्हणजे दुपारचं जेवण. खोलीवर डबा खाणं बंद कर आणि आठवड्यातून निदान तीन दिवस कँटीनमध्ये शिक्षकांच्या टेबलावर बस. बसताना "इथे बसू का?" एवढं विचारलं की पुरे. शिक्षक आपसात 'तु', म्हणजे आपल्यासारखं अरेतुरे, करतात, कुणी तुला तसं म्हणालं तर तूही म्हण. शाकाहारी असशील तर फक्त 'मांस नको' म्हणून भागत नाही, मासे चालतात असं ते गृहीत धरतात आणि भाजीत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात. मांसही नको, मासेही नकोत, असं दोन्ही सांग. शाळांच्या कँटीनमध्ये आठवड्यातून एक जेवण शाकाहारी असणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे.

तुझी जबाबदारी ज्या शिक्षिकेकडे आहे त्यांना ईमेल कर, पण 'मला मदत हवी' असं मोघम लिहू नकोस. घाईत असलेला माणूस मोघम विनंतीला "हो हो, बघू" म्हणतो आणि विसरतो. अमुक दिवशी जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास मिळेल का, असं विचार आणि तीन मागण्या लिहून ने. एक, कायमचं वेळापत्रक : कोणत्या तासाला कोणता वर्ग, कोणती खोली. दोन, प्रत्येक वर्गात सध्या कोणता धडा चालू आहे ते आठवडाभर आधी कळणं. तीन, अख्ख्या वर्गाऐवजी सहा ते आठ मुलांचे गट, प्रत्येकी २० ते २५ मिनिटांसाठी. ही तिसरी मागणी सगळ्यात महत्त्वाची आहे. तीस मुलांसमोर तू एकटी उभी राहिलीस की ती व्याख्यान ऐकतात, सात मुलांत बसलीस की बोलतात. शिवाय पूर्ण वर्गाची जबाबदारी आणि मार्क देणं ही सहायकाची कामं नाहीत. तसं होत असेल तर शांतपणे सांगायला संकोच करू नकोस.

उच्चारांबद्दल. पंधरा वर्षांची मुलं वर्गात परकी भाषा बोलायला मनातून घाबरलेली असतात. कुणी नवं आलं की हसून ती भीती झाकतात. त्यांनी आजवर ऐकलेलं इंग्रजी ब्रिटिश किंवा अमेरिकन ध्वनिफितींतलं. तुझं त्यांना अनोळखी वाटलं, चुकीचं नव्हे. फ्रान्स इंग्रजीचे सहायक ब्रिटन, अमेरिका, आयर्लंड, ऑस्ट्रेलियातून घेतो आणि भारतातूनही घेतो. तुझी निवड करणाऱ्यांना तू कोल्हापूरची आहेस हे माहीत होतं. म्हणून लंडनचे उच्चार करायला जाऊ नकोस, त्यात बोलणं अडखळतं आणि मुलांना ते लगेच कळतं. वेग थोडा कमी कर, वाक्यातला महत्त्वाचा शब्द ठळक म्हण आणि नवा शब्द फळ्यावर लिही. एक तास उघडपणे याच विषयाला दे : स्कॉटलंड, नायजेरिया, टेक्सास आणि पुणे, चार ठिकाणचे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे आवाज ऐकव. कोण कुठला ते मुलांनी ओळखायचं, आणि कशावरून ओळखलं ते इंग्रजीत सांगायचं. त्यानंतर तुझा उच्चार हा हसण्याऐवजी बोलण्याचा विषय होतो.

स्लाइड संपल्या याचं वाईट वाटून घेऊ नकोस. ताजमहाल, होळी, मसाले अशा चाळीस स्लाइड जवळजवळ प्रत्येक भारतीय सहायक घेऊन जातो आणि त्या दुसऱ्या आठवड्यात संपतात. त्यांच्यातली खरी अडचण वेगळीच आहे. स्लाइड असल्या की तू चाळीस मिनिटं बोलतेस आणि मुलं पाच. तुझ्या कामाचं माप उलटं आहे : मुलांचं तोंड किती मिनिटं उघडं होतं. त्यासाठी सामान थोडं लागतं.

तुझ्या पाकिटात वीस रुपयांच्या दोन-चार नोटा उरल्या असतील. नसतील तर रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरचं चित्र पडद्यावर दाखव. आठ मुलांच्या गटात दोघांत एक नोट दे. पहिली पाच मिनिटं फक्त वर्णन : रंग, आकडे, पुढचा चेहरा, मागचं चित्र. ते वेरूळचं लेणं आहे हे सांगू नकोस, त्यांना अंदाज करू दे. मग विचार, या कागदावर किती भाषा आहेत? प्रत्येक जोडीचा आकडा फळ्यावर लिही. बहुतेक सात-आठ म्हणतील. मागच्या पट्टीवर पंधरा, पुढे हिंदी आणि इंग्रजी, अशा सतरा आहेत हे सांगितलंस की ती पुन्हा मोजायला लागतात. मग कुणीतरी म्हणतंच, या चार ओळींची अक्षरं तर सारखी दिसतात. त्या कोकणी, मराठी, नेपाळी आणि संस्कृत, चौघींची लिपी देवनागरी. भाषा वेगळी आणि लिपी एक, हे कसं, असा प्रश्न टाक आणि गप्प राहा. तिथून सात-आठ मिनिटं तरी ती बोलतील, कारण त्यांची फ्रेंच आणि तू शिकवतेस ती इंग्रजी यांचंही तेच आहे. शेवटी पाच युरोची नोट शेजारी ठेव. युरोच्या नोटांवरचे पूल मुद्दाम काल्पनिक काढलेले आहेत, म्हणजे कुठल्या एका देशाचा मान वाढू नये. आता त्यांनी आपल्या भागाची नोट ठरवायची : चित्र कशाचं, भाषा कोणत्या. 'आय वुड पुट… बिकॉज…' एवढा साचा फळ्यावर लिही आणि प्रत्येकाकडून दोन वाक्यं घे. तुझ्या भागात आजी-आजोबांच्या पिढीत ऑक्सितान ही जुनी स्थानिक भाषा बोलणारे असतील. एखादं मूल ते नाव घेईल, तेव्हा घाई करू नकोस.

हा एकच तास वेगवेगळ्या गटांबरोबर पंधरा दिवस चालतो. आठवड्याला बारा नवे तास बनवायची गरजच नाही, पंधरवड्याला तीन-चार पुरतात. दर तासानंतर वहीत दोन ओळी लिही : कुठे मुलं बोलली, कुठे थांबली. चौथ्यांदा घेतलेला तास पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला होतो. रेल्वेचं तिकीट, दहावीचं वेळापत्रक, किराणा दुकानातली यादी, घराचा नकाशा, अशा वस्तूंवर एप्रिलपर्यंत निभावतं.

आता खोली. माझ्या मते तुझ्या एकटेपणाचं सगळ्यात मोठं कारण तुझा पत्ता आहे. वसतिगृहातली मुलं शुक्रवारी घरी जातात, इमारत बंद पडते, तीन दिवस जिन्यात पाऊल वाजत नाही. अशा जागी बोलका माणूसही आठ आठवड्यांत कोमेजेल. भाडं कमी म्हणून तू तिथे टिकून आहेस, हे समजतं. सुमारे ८०० युरो हातात येत असताना ते योग्यही वाटतं. तरी हिशेब पुन्हा मांड. लहान गावात इतरांबरोबरच्या घरात खोली साधारण ३०० ते ४०० युरोंना मिळू शकते आणि घरभाड्याच्या सरकारी मदतीसाठी, ती देणाऱ्या काफ या कार्यालयाकडे, अर्ज करता येतो. ती मदत मागच्या महिन्यांची मिळत नाही, म्हणून घर बदललं त्याच आठवड्यात अर्ज कर. जामीनदार मागतील. त्यासाठी विझाल नावाची मोफत सरकारमान्य हमी आहे, तुझं वय तीसच्या आत असल्यामुळे तुला मिळू शकते, मात्र तिचं प्रमाणपत्र करारावर सही करण्याच्या आधी घ्यावं लागतं. हीच चूक सर्रास होते. एक ते दहा महिन्यांचा बाय मोबिलिते नावाचा करार मिळाला तर घरमालकाला अनामत मागताच येत नाही. खोली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नकोस, आणि ताबा घेताना भिंती, नळ, गादी सगळ्याचे फोटो काढ.

सोबतीण कोण मिळेल? त्याच जिल्ह्यात स्पॅनिश आणि जर्मन शिकवायला आलेले सहायकही आहेत. ऑक्टोबरमधल्या स्वागत-प्रशिक्षणाच्या दिवशी तू त्यांना भेटली असशील. त्यांच्यातल्या एखादीची शनिवारची अवस्था तुझ्यासारखीच असणार. तिला आजच लिही. आणि घर बदलेपर्यंतच्या शनिवार-रविवारांसाठी नगरपालिकेत, म्हणजे मेरीत, गावातल्या संस्थांची यादी माग. गायनवृंद, बॅडमिंटन, डोंगर भटकणारे, सगळे वर्षभर नवे सदस्य घेतात. रेस्तो द्यु कर या अन्नवाटप करणाऱ्या संस्थेची हिवाळी मोहीम नोव्हेंबरमध्येच सुरू होते आणि त्यांना हात हवेच असतात. भिडस्त माणसाला गप्पांपेक्षा काम सोपं जातं. बटाट्याच्या पिशव्या भरताना व्याकरण कुणी तपासत नाही आणि फ्रेंच मात्र सुधारतं. रविवारी बस जवळजवळ नसतात, म्हणून जे ठरवशील ते शनिवारी किंवा पायी जाता येईल असं ठरव.

स्वयंपाकाचं थोडक्यात. लाल मसूर तिथे लांतीय कोराय नावाने कुठल्याही सुपरमार्केटमध्ये मिळते, तेच रोजचं वरण. चपातीला गव्हाचं पीठ टी-१५० किंवा टी-११० बघ, पांढरं टी-५५ नको, त्याच्या पोळ्या वातड होतात. बारीक सेमूल म्हणजे रवा. बेसन, कोथिंबीर आणि हिरव्या मिरच्या उत्तर आफ्रिकी किराणा दुकानात मिळतात. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही, त्यामुळे आईला पाठवायला सांगण्याआधी शेगडी कोणती ते बघ.

आईच्या फोनबद्दल लिहिताना जरा जपून लिहिते. तो बंद कर असं मी म्हणणार नाही. हिवाळ्यात भारत तुझ्यापुढे साडेचार तास आहे. तू रात्री आठला फोन करतेस तेव्हा कोल्हापुरात साडेबारा वाजलेले असतात. आई झोप मोडून बसते, तू दिवसभराचा थकवा त्यात ओततेस आणि फोन ठेवल्यावर दोघी जाग्या. तोच फोन दुपारी साडेबाराला कर. तिच्याकडे पाच वाजलेले, चहाची वेळ. पंधरा मिनिटं बोल, नंतर तुझा तास आहे, ठेवायलाच लागेल. बुधवारी दुपारी शाळेला बहुधा सुट्टी असते, तेव्हा हवं तितकं बोल. रात्रीचे मोकळे झालेले दोन तास सुरुवातीला खायला उठतील. त्यात दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी आणि एखादा फ्रेंच कार्यक्रम बसव. नोव्हेंबर-डिसेंबरात पाचच्या सुमाराला अंधार पडतो, तेव्हा दुपारी अर्धा तास तरी बाहेर चाल. झोप आणि भूक दोन्ही गेली असतील, किंवा जगणंच नको वाटत असेल, तर एप्रिलची वाट न पाहता डॉक्टरकडे जा. शाळेतल्या परिचारिकेला विचारलंस तर त्या नाव सुचवतील.

राहता राहिला तुझा मूळ प्रश्न. तुझ्यापुढे तीन वाटा आहेत. नाताळला जाऊन परत येणं, यात तिकिटाला महिन्याचा पगार आणि वर काही जाईल, आणि जानेवारीतला परतीचा प्रवास पहिल्यापेक्षा जड जाण्याची शक्यता आहे. तरी आजीची तब्येत किंवा असं काही घरचं कारण असेल तर खुशाल जा. तिथेच राहणं, म्हणजे सुट्टीतले दोन आठवडे एखाद्या सहायक मैत्रिणीबरोबर काढणं. ते स्वस्त पडेल आणि मला सगळ्यात बरं वाटतं. तिसरी वाट कायमचं सोडून येण्याची. ती चुकीची नाही. पण तुसाँ, म्हणजे ऑक्टोबरअखेरची सुट्टी, ते नाताळ हे सात आठवडे वर्षातले सगळ्यात लांब आणि अंधारे असतात, आणि आजवर तू त्या रिकाम्या इमारतीतून, अख्ख्या वर्गासमोर, रात्री साडेबाराच्या फोनवरूनच फ्रान्स पाहिला आहेस. तेवढ्यावर निकाल देऊ नकोस. जानेवारीच्या शेवटापर्यंत तीन गोष्टी बदलून बघ : जागा, गट आणि फोनची वेळ. तेव्हाही सकाळी उठताना हेच वाटत असेल तर सोड. लोकांना उत्तर देणं लागत नाही, "काम जमलं नाही, परत आले" एवढं पुष्कळ आहे. फक्त गुपचूप निघून येऊ नकोस. नेमणूकपत्रातली मुदत पाहून मुख्याध्यापकांमार्फत लेखी राजीनामा दे, जितके महिने काम केलंस त्याचं प्रमाणपत्र माग, घरमालकाला आणि काफला कळव, आणि शेवटचा पगार जमा होईपर्यंत तिथलं बँक खातं चालू ठेव.